भिंतीपलीकडं बैल आधी पळतो

मित्रांनो, ज्या कोनाड्यात पूर्वी कंदील ठेवत, तिथं आता मी बसतो. मी एक जुना राउटर आहे. दोन शिंगं, काही मिणमिणते दिवे आणि अंगावर चिमण्यांनी घातलेली थोडी रांगोळी, एवढीच माझी संपत्ती. रांगोळीचं कारण पुढं येईलच.

माझा जन्म कुठं झाला ते नक्की सांगता येत नाही. खोक्यावर लिहिलेलं होतं, पण खोकं आल्या आल्या घरधनीण बनुबाईंनी बांगड्यांसाठी उचललं. एवढं आठवतं, की एका सरकत्या पट्ट्यावर आम्ही असंख्य भावंडं ओळीनं बसलो होतो आणि पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईनं मला पास केलं. वाटलं होतं, आता मोठ्या शहरात, काचेच्या इमारतीत बसायचं. बसलो तासगावजवळच्या एका वस्तीवर, आकारामआप्पांच्या टीव्हीच्या डोक्यावर, क्रोशाच्या रुमालाखाली. लग्नातल्या नवऱ्यासारखं माझं तोंड कायम झाकलेलं असे.

मला आणलं अजीमनं. वडिलांच्या केबलच्या धंद्याला त्यानं इंटरनेटची जोड दिली होती. त्याच्याकडं एक मोटरसायकल, एक शिडी आणि शिडीवर चढल्यावरच वाजणारा फोन होता. आप्पांनी त्याचं कनेक्शन घेतलं ते काही चौकशी करून नव्हे. भिंतीपलीकडं त्यांचे थोरले भाऊ हिंदुराव राहत आणि त्यांनी मोठ्या कंपनीचं घेतलं होतं. आप्पांचा नियम साधा होता. दादानं जे घेतलं, ते सोडून काहीही. ट्रॅक्टर, पाण्याची मोटर, टूथपेस्ट, सगळं याच नियमानं घरात आलेलं.

दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण होतं सोन्या. सोन्या म्हणजे दोघांनी मिळून सांभाळलेला शर्यतीचा खिलार बैल. शर्यती बंद होत्या त्या वर्षांत, आप्पा लग्नाला परगावी गेलेले असताना, हिंदुरावांनी तो कराडकडच्या एका माणसाला वळू म्हणून देऊन टाकला. आप्पा परत आले तर दावणीला नुसतं दावं. त्यांनी दावं सोडून आत ठेवलं आणि भावाशी बोलणं सोडलं. बायकांचं मात्र चालूच होतं. विरजण, कढीपत्ता, चाळणी यांना भांडणाची बातमी कुणी दिलीच नव्हती.

पोरींनाही दिली नव्हती. आमची नात सृष्टी आणि पलीकडची नात अंकिता एका ऑनलाइन खेळात एकाच संघात होत्या. आप्पा समजत, पोरगी अभ्यासाच्या मैत्रिणीशी बोलते. आता गंमत बघा. दोघींच्या मध्ये एक भिंत. पण अंकितानं "मागं बघ!" म्हटलं, की तो निरोप तिच्या कंपनीकडून मुंबईला जाई आणि मुंबईहून अजीमच्या तारेवरून रमतगमत आमच्याकडं येई. तोवर सृष्टी मेलेली असे. खेळात, मित्रांनो. घाबरू नका.

मग शर्यती पुन्हा सुरू झाल्या आणि मोबाइलवर, टीव्हीवर थेट दिसू लागल्या. सोन्याच्या रक्ताचा एक खोंड कराडच्या बाजूनं पळतो असं कळलं. तीच शिंगं, तीच मान. आप्पा रविवारी लवकर जेवून टीव्हीसमोर बसू लागले. मला वाटलं, आता आपले चांगले दिवस आले. माझ्यावरचा रुमाल धुतला गेला.

आणि पहिल्याच फायनलला घात झाला. आमच्या टीव्हीवर झेंडा अजून वरच होता आणि भिंतीतून हिंदुरावांची आरोळी आली, "आला रं आला! सोन्याचा पोरगा आला!"

आप्पांच्या हातातली शेंग हातातच राहिली. एक शेंग सोलून दाणे तोंडात टाकावेत, तेवढ्या वेळानं आमच्याकडं झेंडा पडला, बैल सुटले आणि जिंकले. पण जिंकलेलं आधीच ऐकलेलं. त्यात कसली मजा?

"त्याच्या घरात बैल आदी पळतंय!" आप्पा गरजले.

"आप्पा, चित्र असं मागं-पुढं पोचणं टीव्हीवरबी असतंय, अ‍ॅपवरबी असतंय," सृष्टी म्हणाली.

"बैल त्योच, मैदान त्येच. मग आमच्यातच का दमतंय?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी एक दिवा घाबरून विझवला. त्याचाही अर्थ उलटाच घेतला गेला.

दर रविवारी हेच होई. शेवटी आप्पांनी नवी कंपनी बघायला काढली. टाय लावलेला एक माणूस आला. आप्पांनी त्याला खोंड बघतात तसा मागून पुढून पाहिला.

"पळतंय किती?"

"शंभर एमबीपीएस, काका. शिवाय बारा अ‍ॅप फुकट."

"आमी घरात तीन माणसं," बनुबाई म्हणाल्या. "बारा कुठं बसवू?"

सृष्टीनं खरे प्रश्न विचारले. खेळताना पिंग, म्हणजे निरोप जाऊन यायला लागणारा वेळ, किती राहतो, संध्याकाळी सगळी वस्ती बसली की वेग पडतो का, तार तुटली तर कोण येतं. माणूस प्रत्येक प्रश्नाला गोड हसला आणि पत्रकावरचं तेच चित्र पुन्हा दाखवत राहिला. आप्पांचा प्रश्न एकच होता.

"शेजारच्याच्या आदी दिसंल का?"

"शंभर टक्के!"

एवढ्यावर सोयरीक ठरली. अजीम माझी तार काढायला आला तेव्हा शिडीवर हळूहळू चढला. त्या दिवशी फोनसुद्धा वाजला नाही. "माझ्या तारेत काय कमी पडलं, आप्पा?" एवढंच त्यानं विचारलं.

"तुझं काय न्हाई रं. आमचं घरातलं हाय," आप्पा म्हणाले.

"मग तारेचं भेंडोळं राहू दे हितंच. कवा लागलं तर असावं."

भेंडोळं राहिलं खुंटीवर आणि मी गेलो बेदाण्याच्या शेडमध्ये. द्राक्षं जाळ्यांवर वाळत होती आणि चिमण्या मेजवानी झोडत होत्या. आप्पांनी मला सुतळीनं टांगलं. काळं अंग, वर दोन शिंगं, वाऱ्यावर गिरक्या घेतो, म्हणजे पाखरं भितील असा हिशोब. चिमण्या एक दिवस भ्यायल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला झोपाळा केला. रांगोळी ती त्या दिवसांतली. जग जोडणाऱ्याला बुजगावणं व्हावं लागलं, मित्रांनो, तेही नापास.

शेडमधून घर ऐकू येई. नवा राउटर खरंच चपळ निघाला. पहिल्याच रविवारी आप्पा आधी ओरडले आणि मग कान भिंतीला लावून बसले. थोड्या वेळानं पलीकडून हिंदुरावांची शिळी आरोळी आली तेव्हा ते एवढे हसले, की ठसका लागला. पुढच्या रविवारीही तसंच. हळूहळू मला कळलं, की बैल जिंकण्यापेक्षा आप्पा त्या मागून येणाऱ्या आरोळीची वाट बघतात. इतक्या वर्षांत भावाचं तेवढंच बोलणं त्यांच्या वाट्याला आलं होतं.

मग मोठ्या मैदानाचा दिवस आला. सोन्याच्या पोरानं सेमी मारली. आप्पा ओरडले आणि थांबले. भिंत गप्प. पुन्हा ओरडले. भिंत गप्पच.

"अगं, ऐकलंस का," ते बनुबाईंना म्हणाले, "विरजण हाय का घरात?"

"गाडगंभर हाय."

"असू दे. मागून ये."

बनुबाई वाटी घेऊन पलीकडं गेल्या. परत आल्या त्या दारातूनच सांगत. "उसाची ट्रॉली वर लय भरल्याली. वळणावर त्यांची तार तोडून गेली. अंकिता कंपनीला फोन लावतीया, तर ती बया म्हनती एक दाबा, दोन दाबा. भाऊजी काळ्या टीव्हीम्होरं बसल्यात. जेवल्यालं न्हाईत."

"अंकिताच्या मोबाइलवर बघावं की."

"त्यांचं डोळ्याचं आप्रेशन झालंय, बारकं दिसत न्हाई. तुमास्नी कुठलं ठावं?"

आप्पांनी टीव्हीकडं पाहिलं. फायनलच्या बैलगाड्या सुटायच्या जागी, फाटीवर, लागत होत्या. आधी बघून हरवायला आता पलीकडं बघणारं कुणी नव्हतंच.

"सृष्टे, आपलं इंटरनेट तिकडं जाईल का?"

"भिंत जाड हाय, आप्पा. नव्याचा जोर टीव्हीपासनं तिथवर पुरत न्हाई. पण..." आणि पोरगी धावत सुटली ती थेट शेडमध्ये. माझी सुतळी तुटली. ओढणीनं तोंड पुसलं गेलं. खुंटीवरचं अजीमचं भेंडोळं उलगडलं, एक टोक नव्याच्या पाठीत, दुसरं माझ्या, आणि मला ठेवलं सामाईक भिंतीच्या कोनाड्यात. तिथं भिंत पातळ आहे. आरोळ्या तिथूनच यायच्या. माझे दिवे एकेक करून लागले. पलीकडं हिंदुरावांचा टीव्ही मला दिसला आणि त्यानं पासवर्ड मागितला.

"पासवर्ड काय, आप्पा? मला सांगा, मी अंकिताला..." सृष्टीनं जीभ चावली.

आप्पांनी ते ऐकलंच नाही. माझा पासवर्ड त्यांनी स्वतः ठरवला होता आणि कुणाला सांगितला नव्हता. घरातले मोबाइल त्यांनी स्वतः एका बोटानं जोडले होते. ते कोनाड्यापाशी आले. माझ्या शिंगाला त्यांचा श्वास लागत होता.

"दादा," ते म्हणाले. ते माझ्यापर्यंतच पोचलं. मग ओरडले, "दादा! सोन्या लिही! इंग्रजीत!"

पलीकडं रिमोट शोधल्याची खुडबूड झाली. शेंग सोलून दाणे तोंडात टाकावेत, त्याहून जास्त वेळ. मग हिंदुरावांचा आवाज आला.

"मोठ्या अक्षरानं, का बारक्या?"

"मोठ्या! त्यो बारका कवा हुता?"

मग पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ, "दिसाय लागलं रं, आकाराम."

झेंडा पडला. सोन्याचा पोरगा जीव तोडून पळाला आणि एका मुंडीएवढ्या अंतरानं हरला. दोन्ही घरांतून एकाच वेळी एकच शिवी आली. ती मी इथं सांगत नाही, कारण तुम्ही लहान आहात. पण इतकी गोड शिवी मी आजवर वाहून नेलेली नाही.

"पोटात चारा जास्त हुता त्येच्या," पलीकडून आवाज.

"तरी मी म्हनत हुतो!" इकडून. आणि आप्पा चपला न घालताच दारातून बाहेर पडले.

त्यानंतर आप्पांनी कंपनीचा माणूस पुन्हा बोलावला. या वेळी हिंदुरावही शेजारी बसले होते. प्रश्न सृष्टीचाच विचारला गेला, "तार तुटली तर कोन येतंय?" माणूस गोड हसला. संध्याकाळी दारात अजीमची शिडी उभी होती आणि ती टेकते ना टेकते तोच त्याचा फोन वाजू लागला. आता दोन घरांत मिळून एकच कनेक्शन आहे आणि कोनाड्यात एकटा मी. सृष्टी आणि अंकिता एकाच खाटेवर बसून खेळतात आणि "मागं बघ" हे कोपरानं सांगतात.

तेव्हा मित्रांनो, घरी इंटरनेट घेताना वेग विचाराच, पण शिडी कुणाकडं आहे तेही विचारा. आणि आमच्यासारख्यांना रुमालाखाली झाकू नका, सुतळीला टांगू नका. अधूनमधून धूळ पुसा. आम्ही म्हातारे झालो तरी एखादी भिंत अजून पार करू शकतो.

अजीमची तार आहे तशीच आहे. सोन्याचा पोरगा तिकडं मैदानात पळून, पाणी पिऊन सावलीला उभा राहिलेला असतो, तेव्हा कुठं आमच्याकडं झेंडा पडतो. दोन्ही म्हाताऱ्यांना बैल आता उशिराच दिसतो. पण दोघांना एकदम दिसतो.