झाकणाला भोकं असलेली बरणी

मित्रांनो, मी एक जुनी बरणी आहे आणि माझ्या झाकणाला भोकं आहेत. अशा बरणीचं घरात करायचं काय, हा प्रश्न अजून कुणाला नीट सुटलेला नाही. साखर भरावी तर मुंग्या शिरतात, मीठ भरावं तर पावसाळ्यात पाणी सुटतं, लोणच्याचं तर नावच नको. शेवटी माझ्यात बरेच दिवस लसूणच होता. लसणाला वारा लागतो म्हणे. तेव्हा माझ्या बोलण्याला अजूनही थोडा वास आला तर समजून घ्या.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. गरम प्लास्टिक साच्यात फुगवलं, थंड केलं, लाल झाकण बसवलं, की झाली बरणी. तिथून मी परंड्याच्या एका किराणा दुकानात आले. माझ्या पोटात लिंबाच्या गोळ्या होत्या. शाळा सुटली की पोरं माझ्याकडे बोट दाखवायची. खरं सांगते, तेवढं कौतुक पुन्हा माझ्या वाट्याला आलं नाही. गोळ्या संपल्या, नवी बरणी आली आणि मी मागच्या फळीवर धूळ खात पडले.

मला तिथून उचललं नीलम्मानं. नीलम्मा म्हणजे आमच्या भागातली कृषी सहायक. माहेर उमरग्याकडचं, त्यामुळे मराठीला कानडी हेल. तिनं मला घरी नेलं, धुतलं, आणि मी जरा खुश होते न होते तोच गॅसवर दाभण लाल करून माझ्या झाकणाला भोकं पाडली. मला वाटलं, संपलं आपलं. दुसऱ्या दिवशी तिनं मला स्कूटीवर ठेवून कृषी केंद्रात नेलं आणि माझ्यात किडे भरले. पांढुरके, पाठीवर काळपट पट्टे असलेले, हरभऱ्याच्या दाण्यापेक्षाही लहान भुंगे. त्यांना श्वास घेता यावा म्हणून ती भोकं होती.

आता हे भुंगे कशाला, ते सांगते. गाजरगवत तुम्ही पाहिलंच असेल. आमच्याकडे त्याला पांढरफुली म्हणतात. फार वर्षांपूर्वी परदेशातून धान्य आलं, त्यात त्याचं बी आलं, असं जुनी माणसं सांगतात. आलं ते गेलंच नाही. रस्ता, बांध, गायरान, शाळेचं मैदान, कुठंही बघा. त्याला हटवण्यासाठी दरवर्षी ऑगस्टमध्ये सरकारचा एक सप्ताह असतो. बॅनर लागतं, पाहुणे हातमोजे घालून चार रोपं उपटतात, फोटो निघतो, चहा होतो. बॅनरच्या मागं गवत कमरेएवढं उभं असतं आणि फोटोत तेही येतं. हे भुंगे मात्र त्या गवताची पानं खाऊन जगतात आणि त्याला फुलूच देत नाहीत. म्हणून सरकारनं ते वाटायला काढले होते.

सोनारीच्या अलीकडं, माळावर बब्रुवान आणि सिताबाई यांची वस्ती आहे. दोघं शेरडं राखतात. पूर्वी मेंढरं होती, आता गुडघे चालत नाहीत म्हणून शेरडं. घरासमोर गायरान, आणि गायरानभर पांढरफुली. सिताबाईला त्या गवतानं धरलं होतं. हात, मान, गाल काळवंडून कातडं जाड झालेलं. पावसाळ्यात पापण्या अशा सुजायच्या की समोरचं शेरडू दिसायचं नाही. बार्शीच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं, या गवतापासून लांब राहा. लांब म्हणजे कुठं, ते त्यांनीही सांगितलं नाही. मुलगा सुरज ढोकीला साखर कारखान्यात नोकरीला. त्याचं एकच म्हणणं, शेरडं विका आणि आईला माझ्याकडे पाठवा. सिताबाई म्हणायची, शेरडं गेली तर मी सकाळी उठून करू काय?

त्या पावसाळ्यात नीलम्मा मला घेऊन तिथं आली. चार माणसं जमली आणि हसली. "सरकार आता किडं वाटाया लागलं व्हय?" असंही एक जण म्हणाला. बब्रुवान शेरडांमागं लांब गेला होता. नीलम्मानं सिताबाईला जवळ बसवलं.

"मावशी, इथलं गवत आता उपटायचं नाही. फवारायचंपण नाही. भुंग्यांना जेवायला लागतं की."

"जे गवत माझं कातडं खातंय, त्येला म्या सांबाळू?" सिताबाई म्हणाली.

"दोन पावसाळे सांभाळा. दिवाळीनंतर हे जमिनीत शिरतात, झोपून राहतात. पाऊस पडला की परत वर येतात. मग बघा."

सिताबाईनं पदर तोंडावर घेतला आणि स्वतःच्या हातानं माझं झाकण काढलं. भुंगे पानांवर उतरले. नीलम्मा मला तिच्याकडेच ठेवून गेली. "वाढले की दुसरीकडं न्यायला लागेल," म्हणाली.

पहिलं वर्ष काही दिसलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात मात्र गायरानावरच्या पांढरफुलीला पानच उरलं नाही. नुसत्या काड्या. सिताबाईच्या पापण्या त्या वर्षी सुजल्या नाहीत. हसणारी माणसं भुंगे बघायला आली. मला कॅमेऱ्यासमोर धरलं गेलं, माझ्याबरोबर साहेबांचा फोटो निघाला. सिताबाई मला भरून तेरखेड्याला थोरल्या बहिणीकडं, लक्ष्मीबाईकडं, घेऊन गेली. तिच्या घराजवळच्या माळावर भुंगे सोडले आणि येताना माझ्यात भुईमुगाच्या शेंगा भरून आणल्या. माझ्या आयुष्यातले ते बरे दिवस.

मग नीलम्माची बदली झाली. उमरग्याला, घराजवळ. तिच्या जागी लवकर कुणी आलं नाही. सरकारी कामात माणूस गेला की त्याच्याबरोबर त्याला ठाऊक असलेलंही निघून जातं, त्यात नवल नाही. मी फळीवर गेले आणि माझ्यात लसूण आला.

फाल्गुनात सुरजची बायको मोनिका बाळंत झाली, म्हणून सिताबाई ढोकीला गेली. घरी बब्रुवान एकटा. मित्रांनो, हा माणूस वाईट नाही, हे आधीच सांगते. त्याच्या आज्यापणज्यांनी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन मुलूख सोडला आणि पाऊस पडला की परत आले. लहानपणी तोही त्यांच्याबरोबर चालला. दिवाळीनंतर भुंगे दिसेनासे झाले, तेव्हा तो एकदा फळीकडं बघत मला म्हणाला, "गेले दिसत्यात पाण्याच्या मुलखाला. येतील पावसाला." मला बोलता येत असतं तर तेव्हाच ओरडले असते.

गायरानात वाळलेल्या काड्या उभ्या होत्या. मेंढपाळ माणसाला वाळलेलं गायरान बघवत नाही. जाळलं की पावसाला कोवळं गवत फुटतं, हे त्याला बापानं शिकवलेलं. शिवाय सिताबाई परत येईल तेव्हा त्या काडीचा कणसुद्धा तिच्या अंगाला लागू नये, असं त्याला वाटत होतं. त्यानं वारा पाहिला, कडेनं पाणी शिंपडलं आणि काडी ओढली. गायरान चांगलं जळलं. संध्याकाळी तो दमून, पण समाधानानं भाकरी खात बसला होता. खाली मातीत, बोटभर खोलीवर, भुंगे झोपलेले होते.

वैशाखाच्या शेवटी सिताबाई आली. दारातून गायरानाकडं बघत बराच वेळ उभी राहिली, पण काही बोलली नाही. मृगाचा पाऊस झाला. कोवळं गवत फुटलं, शेरडं चरली. आणि मग पांढरफुली उगवली. आधी बोटभर, मग गुडघाभर, मग फुलं. पानाला एक भोक नाही. बब्रुवान रोज सकाळी जाऊन पानं उलटी करून बघायचा आणि हात झाडत परत यायचा. सिताबाईच्या पापण्या पुन्हा सुजल्या. मलम लावून ती आत अंधारात पडून राहायला लागली.

शेवटी त्यानं नीलम्माला फोन लावला. ओट्यावर बसला होता, मी शेजारीच होते.

"म्याडम, भुंगं निघंनात. पाऊस तर झाला की. वाट चुकले काय?"

"वाट कशाची, काका? ते कुठं जात नाहीत. तिथंच जमिनीत असतात." मग तिनंच विचारलं, "नांगरलं का? जाळलं का काय?"

पलीकडून दोनदा "काका, काका" ऐकू आलं. बब्रुवाननं फोन खाली ठेवला आणि हाताकडं बघत राहिला. सिताबाई आत होती. तिला त्यानं सांगितलं नाही, आणि मला फार वाईट वाटलं, तिच्यापेक्षा त्याचंच.

नीलम्मा चांगली बाई. तिनं उलटा फोन केला. या वर्षी केंद्रात भुंगे नाहीत, म्हणाली, योजना दुसरीकडं गेली. मग विचारलं, "मावशींनी मागे कुणाला दिले होते ना?"

दुसऱ्या दिवशी बब्रुवाननं माझ्यातला लसूण टोपल्यात ओतला, मला धुतलं आणि "परंड्याला जाऊन येतो" असं खोटंच सांगून निघाला. एसटी बदलत बदलत आम्ही तेरखेड्याला पोचलो. मी त्याच्या मांडीवर होते आणि तो सारखा माझी भोकं बोटानं साफ करत होता. आता तुम्हाला ठाऊक असेल, तेरखेडा फटाक्यांचं गाव. लक्ष्मीबाईच्या घरामागचा माळ फटाक्यांच्या शेडना लागून आहे. तिथं दारूच्या भीतीनं कुणी विडी पेटवत नाही, मग गवत जाळणं लांबच राहिलं. माळावरच्या पांढरफुलीची चाळण झाली होती आणि पानापानाला भुंगे होते.

बब्रुवान बांधावर बसला आणि एकेक पान उलटं करून बघायला लागला.

"दाजी, काय झालं?" लक्ष्मीबाईनं विचारलं. "शिता बरी हाय ना?"

"आक्का, म्या घरचं भुंगं जाळलं. तिला डोळं उघडंना. थोडं द्या मला."

"द्या काय म्हंता? तिचंच हायत ते." तिनं पदर खोचला आणि वेचायला बसली.

परतीच्या गाडीत कंडक्टरनं मला वाकून पाहिलं. "काय हाय वं बरणीत?"

"भुंगं."

"मग त्यांची तिकिटं काढू का?" गाडीतली माणसं हसली. बब्रुवान हसला नाही. खड्डा आला की मला दोन्ही हातांनी वर उचलून धरत होता.

घरी पोचलो तर दारात पिकअप उभी. सुरज आला होता. त्याचा आवाज बाहेर ऐकू येत होता. "आये, किती दिवस आंधळ्यागत पडून राहतीस? उद्या व्यापारी येतोय. शेरडं दिऊन टाकू. आबा, तुमीपण चला."

बब्रुवाननं मला सिताबाईच्या उशाशी ठेवलं. ती उठून बसली, सुजलेल्या डोळ्यांनी काही दिसेना म्हणून झाकणावर हात फिरवला. आतली सळसळ तिला ऐकू आली.

"तेरखेड्यास्नं आणलं," तो म्हणाला. "गायरान म्या जाळलं. मला वाटलं, ते गेल्यात. आपल्यागत मुलूख सोडून गेल्यात. खालीच हायत, हे मला ठावं न्हवतं."

"मला ठावं हाय," सिताबाई म्हणाली. "आल्याबरूबर राख दिसली की."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलून राख परत हिरवी हुती व्हय? आन् तुमास्नी सांगाया म्याच इसरले हुते. म्याडमनी मला सांगितलं हुतं. तुमी तवा शेरडामागं हुता." तिनं पदरानं डोळे टिपले, ते गवतामुळं की कशामुळं, मला कळलं नाही. मग ती सुरजकडं वळली. "शेरडं इकायची न्हाईत. म्या येते तुझ्यासंगं. ह्ये हितंच राहतील, भुंग्यांपाशी. भुंग्यांचं जेवण उरकलं की मला सांगा, म्या परत येते."

सुरजनं व्यापाऱ्याला फोन लावला आणि उद्या येऊ नका म्हणून सांगितलं.

सकाळी बब्रुवाननं गायरानात मला उघडलं. भुंगे थोडेच होते, माळ मोठा होता. सिताबाई पिकअपमध्ये बसून पदराआडून बघत होती. मी रिकामी झाले तेव्हा तिनं मला मागून घेतलं, चुलीजवळची काडीपेटी मागवली, ती माझ्यात टाकली आणि झाकण घट्ट फिरवलं.

"काडीपेटी हितंच ठेवत जावा," ती म्हणाली. "वढायच्या आधी हिच्याकडं बघा."

तेव्हापासून मी लसणातून सुटले. दिवाळी होऊन गेली. भुंगे पुन्हा मातीत उतरले. या वर्षी पांढरफुलीची थोडीच पानं खाल्ली त्यांनी, अजून दोन पावसाळे लागतील असं नीलम्मा फोनवर म्हणाली. यंदाच्या सप्ताहात बॅनर लागलं, फोटो निघाला. सिताबाई ढोकीलाच आहे. फोनवर नातवापेक्षा शेरडांची चौकशी जास्त करते.

मित्रांनो, मी दमले आहे. जुन्या बरणीचं कुणी ऐकावं, असा माझा आग्रहही नाही. पण एवढं लक्षात ठेवा. उजाड दिसणारी जमीन रिकामी असतेच असं नाही. ती पेटवण्याआधी, उकरण्याआधी, तिच्यात कोण झोपलंय ते कुणाला तरी विचारा. आणि ज्याला ठाऊक आहे त्यानं न विचारताही सांगून ठेवा.

बब्रुवान रोज पहाटे चूल पेटवण्यासाठी माझं झाकण फिरवतो. एक काडी काढतो, झाकण लावतो, आणि काडी ओढण्याआधी दारातून गायरानाकडं बघून घेतो.