वेदीमागची माती

मेव्हणा अंथरुणाला खिळला होता आणि बायकोनं एकच धोशा लावला होता, "गावच्या चर्चमधली माती आणू. पाण्यातून पाजली की उठून बसेल." गेवरिये तिचा धाकटा भाऊ, तिनंच कडेवर घेऊन वाढवलेला. डॉक्टरांनी हात टेकले होते, पण सेयदेला हे कोण सांगणार? मी सांगितलं, तर म्हणाली, "लहदो, तोंड आवर आणि गाडी काढ."

गेवरियेनंही पडल्या पडल्या मान हलवली. "आणा. वेदीमागची आणा."

सैनिकांनी गाव उठवलं तेव्हापासून आम्ही मिद्यात शहरात राहतो. गावात आता हस्सो नावाचा एक कुर्द मेंढपाळ तेवढा राहतो. मला तो त्याच्या भाषेत खालो, म्हणजे मामा म्हणतो. आम्हाला बघून लांबूनच ओरडला, "खालो, काय बघायला आलात? काही ठेवलं नाही मेल्यांनी!"

खरंच होतं. छत माझ्या आजोबांच्याही आधीच गेलेलं. आता सोन्याच्या हावेपायी कुणीतरी जमीनही उकरली होती. वेदी उलथलेली, संताची कबर फोडलेली, हाडं कुठं फेकली देव जाणे. आणि जिकडंतिकडं लेंड्या. माझं डोकंच फिरलं. "तुझ्या मेंढ्यांना दुसरी जागा मिळाली नाही का रे?"

"भिंतीच्या आडोशाला वारा लागत नाही, खालो. खड्डे मी नाही खणले."

त्याचंही काय चुकलं होतं म्हणा. सेयदे मात्र रांगत रांगत वेदीमागं गेली. कोपऱ्यातल्या दगडाखाली तेवढी जुनी पांढरी माती उरली होती. तिनं ती नखांनी खरवडून फडक्यात बांधली. जेमतेम मूठभर.

घरी गेवरियेनं ते फडकं छातीशी धरलं. "आता मला घोर नाही. सेयदे, पुरताना ही माझ्या डोळ्यांवर घाल."

आमच्यात गावाबाहेर मेलेल्याच्या डोळ्यांवर गावची माती घालतात. सेयदे भडकलीच. "जिभेला काही हाड आहे का तुझ्या?" तिनं फडकं हिसकावलं आणि सगळी माती ग्लासात ओतली.

"चिमूटभर तरी ठेव गं," मी म्हणालो.

"ठेवली म्हणजे मीच त्याला मारायला बसले असं होईल. पी रे तू!"

गेवरियेनं तिच्याकडे पाहिलं आणि ठसकत ठसकत ग्लास रिकामा केला. तिच्यासाठी, दुसरं काय! वर "बरं वाटतंय" असं खोटंही बोलला बिचारा.

त्याच आठवड्यात तो गेला. कबरीपाशी धर्मगुरूंनी विचारलं, "गावची माती आणलीय ना?"

सेयदेनं फडकं काढलं, भावाच्या मिटल्या डोळ्यांवर धरलं आणि झटकलं. काहीच पडलं नाही. तिनं पुन्हा झटकलं. मग पुन्हा. लोक माना खाली घालून उभे. मला बघवेना, मी तिचा हात धरला.

"सोड," ती माझ्यावर खेकसली. "शिवणीत थोडी अडकली असेल."