एक म्हणजे अख्खा

शेंड्याचा रक्तदाब लागोपाठ दोन तपासण्यांत वर गेला आणि शेंडा खाली आला. बावीस वर्षं तो गोदीतली सगळ्यात उंच क्रेन चालवत होता, म्हणून तर हे नाव पडलं. आता त्याला फाटकापाशी खुर्ची टाकून दिली होती, आल्यागेल्या गाड्यांचे नंबर लिहायला. तिसऱ्या तपासणीतही नापास झाला, तर खुर्ची कायमची. वाऱ्याशी हुज्जत घालणाऱ्या माणसाने माश्या मारत बसायचं, याचं त्याला रडू यायचं. रडायचाही, पण नळ मोठा सोडून.

त्याची आत्या म्हणजे घरातली न शिकलेली डॉक्टर. "गोळ्या चुकवू नकोस," ती म्हणाली, "पण सकाळी एक लसूण चावून खात जा. रक्त कसं सुरळीत वाहतं बघ. मी एकोणऐंशीची झाले, अजून जिना चढते."

घोटाळा इथेच झाला. क्रेनवाल्याच्या लेखी 'एक' म्हणजे अख्खा नग. खालून माल अडकवणाऱ्या हुकवाल्याने वायरलेसवर 'एक उचल' म्हटलं की पूर्ण गठ्ठा उचलायचा, त्यातली एक सळई नव्हे. शेंड्याने अख्खा गड्डा सोलला आणि डोळे मिटून चावला. नाकाडोळ्यांतून पाणी आलं, पण पठ्ठ्या मागे हटला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही.

आठवड्याभरात शेंडा दिसायच्या आधी कळू लागला. जेवणाच्या सुट्टीत त्याची चौकडी गोदामामागे जमायची. तिथे सिगारेटी, खारे दाणे आणि साहेबाची निंदा, तिन्ही भरपूर. हुकवाला त्याचा सगळ्यात जुना दोस्त, पण एके दिवशी त्यानेही हात जोडले. "शेंड्या, दोस्ती दोस्तीच्या जागी, नाक नाकाच्या जागी. तू आपला लांबून गप्पा मार."

लांबून सिगारेट कोण देणार? दाण्यांची पुडीही त्याच्यापर्यंत पोचेना. शेंड्याला भारी लागलं ते. चौकडीच्या नावाने बोटं मोडत तो धक्क्याच्या टोकापर्यंत ताडताड चालत जायचा आणि तसाच परत यायचा. बसमध्ये शेजारचे उठून जायला लागले, तेव्हा घरीही पायीच जाऊ लागला. लसूण मात्र सोडला नाही. पाण्यात पडलंच आहे तर पोहून दाखवू, असा त्याचा खाक्या.

तीन महिन्यांनी तपासणी आली. डॉक्टरीणबाईंनी नाकाला रुमाल लावला, दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला. पट्टा सोडून पुन्हा बांधला. मग तिसऱ्यांदा. शेंड्याची पाचावर धारण बसली.

"पास," त्या रुमालातून म्हणाल्या.

शेंड्याला 'बास' ऐकू आलं. तो मुकाट्याने उठून दाराकडे निघाला.

"अहो, पास! प पतंगाचा!"

शेंडा दारातच रडला, या वेळी नळबिळ न सोडता.

"सिगारेट?" बाईंनी विचारलं.

"कोण देतंय?"

"खारट?"

"तेही नाही."

"आणि चालणं?"

"एकटा माणूस दुसरं करणार काय?"

बाई खदखदून हसल्या. "लसणाचा थोडाफार हात असेलही. पण मोठं काम त्याच्या वासाने केलंय. गोळ्या चालू ठेवा, आणि लसूण जरा आवरा, पोटाला सोसणार नाही."

आत्या बाहेर बाकावर बसली होती. "पास झालो, आत्या! रोज एक गड्डा खाल्ला!"

"गड्डा?" आत्याने कपाळावर हात मारला. "अरे मेल्या, मी पाकळी म्हणत होते!"

"पाकळीनं काय झालं असतं? हुकवाला अजून माझ्या गळ्यात हात टाकून धूर सोडत बसला असता."

आत्याने बाकावरून उठत पदर खोचला. मग म्हणाली, "काही का असेना, औषध माझंच."

दुपारी शेंडा क्रेनची शिडी चढला. दोनशे बारा पायऱ्या. पूर्वी दम खायला तीनदा थांबायचा, आज एकदाही नाही. केबिनमध्ये बसून त्याने दांड्यावर हात ठेवला. खाली अख्खी गोदी पसरली होती आणि फाटकापाशी ती खुर्ची रिकामी होती.

वायरलेस खरखरला. "शेंड्या, वर गेलास ते बरं झालं बाबा," हुकवाला म्हणाला. "आता मनसोक्त बोलता येईल. चल, एक उचल."

शेंड्याने अख्खा उचलला.