शुक्रवारपर्यंत थांबा

काँक्रीटचा ट्रक आवारात शिरला, ड्रम गरगर फिरत होता, आणि कुरिहारा सरळ त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

शुजी कुरिहारा हा मिसागो मोटर्सचा आमच्या भागातला माणूस. मिसागो ही जपानमधली लहानशी कंपनी. तिच्या छोट्या गाड्यांना चारही चाकांत जोर असायचा, त्यामुळे उत्तर मिनेसोटाच्या बर्फातही त्या अडायच्या नाहीत. माझा नवरा ऑर्व्हिल आणि मी नऊ वर्षं त्या विकत होतो. यापुढे गाड्या हव्या असतील तर फक्त मिसागोचं असं वेगळं शोरूम बांधा, असा कंपनीचा हट्ट होता. म्हणून आम्ही शेजारची जागा घेतली, पाया खणला. त्या मंगळवारी जमिनीचा कोबा घालायचा होता. कुरिहारा आदल्या संध्याकाळीच आला होता. आमच्याकडे जेवायला बसला, पण मासा नुसता चिवडत राहिला. मला वाटलं, माझा स्वयंपाक बिघडला.

"मिस्टर स्ट्रँड, हे आज ओतू नका," तो म्हणाला.

ऑर्व्हिल हसला. "का? पाऊस येतोय?"

"नाही. पण ओतू नका."

"अरे ऑर्व्हिल, लवकर काय ते ठरव!" ट्रकच्या खिडकीतून लॉइड ओरडला. "हे आत घट्ट झालं तर मलाच ड्रममध्ये उतरून फोडत बसावं लागेल!"

"कंपनीने नकाशा बदललाय का?" ऑर्व्हिलने विचारलं.

"कंपनीने काहीही सांगितलेलं नाही. मी विनंती करतोय. शुक्रवारपर्यंत थांबा."

"शुक्रवारी काय आहे?"

एप्रिलची बोचरी थंडी होती, तरी कुरिहाराची मान घामाने ओली झाली होती. मला त्याच्याकडे बघूनच कळलं, मिसागो इथून गाशा गुंडाळणार होती. ऑर्व्हिलला कळायला एक क्षण जास्त लागला, आणि कळलं तसा त्याने कुरिहाराचा कोट छातीवर मुठीत धरला.

"तूच मला हे बांधायला लावलंस! इथेच उभा राहून!"

"हो. मीच."

"आणि आता..."

"ऑर्व्हिल, सोड त्याला," मी म्हणाले. झटापटीत कुरिहाराचा चष्मा खाली पडला होता. तो वाकला तेव्हा मला वाटलं, नमस्कारच करतोय. त्याने चष्मा उचलला, पुसला आणि हळूच म्हणाला, "ही बातमी आधी बाहेर गेली, तर कोणाकडून गेली ते कंपनीला लगेच समजेल."

"लॉइड, घेऊन जा ते!" ऑर्व्हिल म्हणाला.

"कुठे नेऊ? चर्चमध्ये?"

"तुझ्या भावाच्या गोठ्यात ओत. खर्च माझा." मग कुरिहाराकडे न बघता, "तू पण नीघ."

गुरुवारी सकाळी व्हर्ना केसल आली. ती आसपासच्या वस्त्यांवर टपाल वाटायची, आणि तिची जुनी गाडी गेल्या हिवाळ्यात दोनदा तळ्याकाठी बंद पडली होती. निळी मिसागो तिने आधीच बघून ठेवली होती. आता ती चेकबुक काढून टेबलाशी बसली.

"शनिवारी ये," ऑर्व्हिल म्हणाला.

"शनिवारी कशाला? गाडी इथे आहे, मी इथे आहे."

"थोडं काम आहे गाडीत."

"सोमवारी तर म्हणाला होतास, तयार आहे!" तिने माझ्याकडे पाहिलं. "मार्लिस, बरं नाहीये का याला?"

मी मान खाली घातली. विकली असती तर आमची एक गाडी कमी झाली असती, आणि त्या आठवड्यात एक तरी गाडी कमी होणं आम्हाला हवंच होतं. पण उद्यापासून त्या गाडीच्या मागे कंपनी उभी राहणार नव्हती. सांगितलं असतं तर दुपारच्या आत अख्ख्या परगण्यात पसरलं असतं, कारण व्हर्ना दारोदार फिरायची. ऑर्व्हिलने तिचं चेकबुक मिटून तिच्यापुढे सरकवलं.

"व्हर्ना, माझं एवढं ऐक. शनिवारी."

"का ते सांग, मग ऐकते."

"सांगता येत नाही."

"नसेल विकायची तर नको विकूस. ड्यूलुथला तीच गाडी मिळते," ती उठली. "आणि तिथे माणसं नीट बोलतात."

दार आपटलं. तिच्यामागे धावायला मी दोन पावलं टाकली, पण ऑर्व्हिलने माझा हात धरला. "त्याचंही घर आहे, मार्लिस," तो म्हणाला. दोन दिवसांत त्याने कुरिहाराचा विषय काढला तो एवढाच.

शुक्रवारी दुपारी रेडिओवर सांगितलं: मिसागो अमेरिकेतली विक्री बंद करतेय. मग फोन सुरू झाले. सुटे भाग कोण देणार, गॅरंटीचं काय, गाडी परत घेता का. मी एकेकाला उत्तर देत होते आणि प्रत्येकाला तेच सांगत होते, की आम्हीही आत्ताच ऐकतोय. ते खोटं होतं.

कुरिहाराला पुढच्याच आठवड्यात जपानला परत बोलावलं. आमच्यामुळे, की सगळ्यांनाच बोलावलं म्हणून, ते कधी कळलं नाही. ऑर्व्हिलने त्याला फोन लावला तेव्हा त्याच्या जागी दुसऱ्याच कोणाचा आवाज आला.

सोमवारी व्हर्ना आली. बाहेर नवी कोरी निळी मिसागो उभी होती, ड्यूलुथची.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"मला थांब म्हणालास."

"हो."

"जरा ओरडून म्हणायचं होतंस, गाढवा!" तिचे डोळे भरून आले होते. तिथल्या माणसाने शुक्रवारी सकाळी घाई करून तिच्या हातात किल्ली ठेवली होती.

"मिसागोची पाटी उतरवतोय, गॅरेज बंद करत नाहीये," ऑर्व्हिल म्हणाला. "भाग मिळाले नाहीत तर आवारातल्या गाड्या मोडून त्यांतले घालीन. माझा हात चालतोय तोवर तुझी गाडी चालेल."

माफ केलं असं काही व्हर्ना म्हणाली नाही.

"उजव्या दारातून वारा येतो," एवढंच म्हणाली आणि किल्ली टेबलावर टाकली. "बघ जरा. मी तोवर मार्लिसबरोबर कॉफी घेते."