न उकळलेलं पाणी

एल्बियो फेरेराला या सौद्यात एक वर्ष मिळणार होतं. स्वतःच्या आतड्यासकट एक अख्खं वर्ष. ऑपरेशन टळणार, पोटाला पिशवी लागणार नाही, आणि दुराझ्नो गावच्या चौकात गुरांच्या ट्रकमधून उतरताना कुणी त्याच्या पोटाकडे टक लावून बघणार नाही. बदल्यात काय, तर रोज सकाळी ब्रोकोलीच्या मोडांची एक पुडी पोटात घालायची. ज्या माणसानं जन्मात बटाट्यापलीकडची भाजी ताटात येऊ दिली नव्हती, त्याला हेही जडच होतं; पण तरी सौदा फायद्याचा.

अडचण एकच. ही पुडी रुग्णालयाच्या एका अभ्यासात मिळायची, आणि त्यात भावंडांच्या जोड्याच घेत होते. एकाला खरी पूड, दुसऱ्याला नुसती हिरवी भुकटी. कुणाला कुठली, हे देणाऱ्या डॉक्टरलाही ठाऊक नसायचं. वर्षाअखेर दोघांच्या आतड्यात दुर्बीण घालून कोंब, म्हणजे पुढे कर्करोग होणाऱ्या मांसाच्या गाठी, मोजायचे. फेरेरांच्या घरात कोंबांना तोटा नव्हता. बाप त्यानंच गेला, आत्याही त्यानंच गेली. जमीनजुमला कुणाला मिळाला नाही, हा वारसा मात्र सगळ्यांना न भांडता मिळाला.

आणि धाकटी बहीण नेल्बा ऑपरेशनची तारीख घेऊन बसली होती.

एल्बियो तिच्या केस कापायच्या दुकानात गेला. ती केर काढत होती.

"काडे, ती तारीख पुढे ढकल."

"का? मुहूर्त आवडला नाही का तुला?"

"कोंब लहान आहेत अजून. एका वर्षाचा तर प्रश्न. आणि मोडांनीच कोंब जिरले तर? उगाच कापून घेतलं म्हणून रडत बसशील."

"ढोल्या, मला कापून मोकळं व्हायचंय. बाबांचं शेवटचं मी बघितलंय. तू तेव्हा ट्रकवर होतास."

हे वर्मी लागलं. पण लागलं म्हणून हटला, तर तो एल्बियो कसला? पुडी सोडण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या जिल्ह्यात नव्हता. एकट्याला घेत नाहीत, हे त्यानं सर्वांत शेवटी, खाली मान घालून सांगितलं.

अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टर इरिगोयेन सरळ बाई. "ऑपरेशन थांबवा असं मी सांगणार नाही," त्या नेल्बाला म्हणाल्या. "कोंब लहान आहेत, थोडं थांबता येईल. पण सहा महिन्यांनी तपासणी चुकवायची नाही. ठरवायचं तुम्ही."

नेल्बानं भावाकडे पाहिलं. भाऊ पोरक्या वासरासारखा चेहरा करून बुटांच्या टोकांकडे बघत होता. तिनं सही केली.

"आणि पूड उकळत्या पाण्यात घालू नका," डॉक्टरबाईंनी बजावलं. "गुण मरतो." हे सांगताना त्यांच्या काखेत स्वतःचा थर्मास होता, तिथं जो तो दिवसभर पितो त्या माते नावाच्या कडू पाल्याच्या पेयासाठी गरम पाण्याचा.

पहिल्या सकाळी ग्लासभर पाण्यातून घेतलेली पूड एल्बियोनं अर्धी मोरीत थुंकली. "गाय तोंड लावणार नाही याला. मातेत टाकू. कडूत कडू खपून जाईल."

"बाई म्हणाल्या ना..."

"उकळत्या पाण्यात नको म्हणाल्या. मातेचं पाणी कुणी उकळतं का? पाला जळला असता, तर आईनं थोबाडीत दिली असती."

यावर वाद घालणं शक्य नव्हतं. किटली गुणगुणायला लागली की उतरवायची, हे त्या देशात पोरं चालण्याआधी शिकतात.

"आणि दोन्ही पुड्या एकाच भांड्यात," एल्बियो पुढे म्हणाला. "एकाची खरी, एकाची खोटी. अर्धी-अर्धी घेऊ. कोरडं कुणी राहायला नको."

"ही फसवणूक झाली."

"मग आजपासून तू तुझं माते पी, मी माझं पितो!"

भावंडं मातेचं भांडं वेगळं करतात ती कोर्टात गेल्यावर. नेल्बानं भांड्यात पाला भरला, वर दोन्ही पुड्या ओतल्या, पाणी घातलं, रीतीप्रमाणे पहिला कडू घोट आपण नळीनं ओढला, आणि पुन्हा भरून भांडं त्याच्यापुढे केलं.

सहा महिन्यांनी, नेमके तपासणीच्या वेळी, वासरांच्या विक्रीचे दिवस आले. पुढच्या महिन्यात नक्की जाऊ, असं एल्बियो म्हणाला, आणि त्याच्या पुढच्याही महिन्यात म्हणाला. नेल्बासाठी रुग्णालयातून फोन यायचा. तोच उचलून "तिला सर्दी झालीय" म्हणायचा. खरं म्हणजे त्याला दुर्बिणीची भीती होती, आणि एकटी बहीण गेली तर आपला भित्रेपणा उघडा पडेल, याची त्याहून जास्त. नेल्बा बारीक झाली. दुकानातल्या बायका पूड कुठं मिळते विचारू लागल्या. एकदा तिनं हळूच सांगितलं, की शौचाला रक्त पडतंय.

"घाण बाहेर पडतेय," एल्बियो म्हणाला. "पूड काम करतेय."

तिनं विश्वास ठेवला असं नाही. पण तिलाही तो ठेवायचा होता.

वर्ष भरलं. दुर्बीण घातली. मग डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवलं. एल्बियोचे कोंब वाढले होते, आतडं काढावं लागणार होतं. पण आजार कोंबांतच होता. नेल्बाचा यकृतात गेला होता.

बाईंनी विचारलं, "पूड कशातून घेत होतात?"

"उकळलं नाही," एल्बियो घाईनं म्हणाला. "एकदाही नाही. मातेतून."

बाईंनी डोळे मिटले. "ज्या पाण्यात बोट बुडवता येत नाही, त्यात ती पूड म्हणजे गवत."

"तुम्ही उकळतं म्हणालात."

"हो," त्या म्हणाल्या. "उकळतं म्हणाले मी." टेबलावरचा थर्मास त्यांनी उगाच बाजूला सरकवला. "गवत झालं नसतं, तरी उपयोग झाला असता की नाही, मला माहीत नाही. तेच तर बघायचं होतं."

त्या आठवड्यात त्यांनी एकेका घरी फोन केले. निम्म्याहून अधिक घरांत पूड मातेतच जात होती, आणि पाणी कुणीही उकळलेलं नव्हतं. अभ्यास बंद झाला.

परतताना ट्रकमध्ये नेल्बा म्हणाली, "म्हणजे वर्षभर गवत चघळलं आपण. मागच्या तुझ्या चार पायांच्या गिऱ्हाइकांना सांग, हसतील." मग थोड्या वेळानं, "माझ्या ऑपरेशनची तारीख कधीची होती रे?"

त्याला दिवस, वार, सगळं आठवत होतं.

"नाही आठवत," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली, आणि काचेतून बाहेर बघत राहिली.

थंडी संपायच्या आत ती गेली. एल्बियो अजून ट्रक चालवतो. पिशवी सदऱ्याखाली दिसत नाही, आणि कुणी बघतही नाही. डॉक्टरबाईंचा अभ्यास गेला, त्याचं आतडं गेलं. सौद्याची बाकीची सगळी किंमत नेल्बानं भरली.