महाराजांचं मोरपीस आणि कोंबडीचं पीस

अवसरी बुद्रुकला भागूबाईच्या डांगराच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, रानात सकाळपासून ही झुंबड! वेलाला पिवळीधमक फुलं, पण फळ काही धरेना, म्हणून मोरपीसवाले महाराज आले होते. भगवी कफनी, काळा गॉगल. फुलाफुलावर मोरपीस फिरवायचं आणि ओरडायचं, "ओम फुलाय फळाय फट्!" आठवड्यात डांगरं धरली की हो! मग काय विचारता, लोक महाराजांच्या चपलाही डोक्याला लावायला लागले.

तेवढ्यावर थांबतील तर ते महाराज कसले! बांधावरच्या लिंबावर मधमाश्यांचं मोहोळ होतं. ते बघून त्यांनी डोळे फिरवले. "चेटकीण बसलीय त्यात! तीच फुलं नासवते. अमावास्येला जाळा!" भागूबाईने लगेच रॉकेलचा डबा काढून ठेवला.

तिची तिसरीतली नात समृद्धी रडकुंडीला आली. "आज्जे, माश्या नको ना जाळू!"

"गप गं! महाराजांपरीस तू शानी का?"

पोरगी तडक शाळेत प्राचीबाईंकडे गेली. "बाई, महाराज आधी साध्या फुलाला पीस लावतात, मग बुडाशी बारकं डांगर असलेल्या फुलाला. दर वेळी असंच!"

"शाब्बास! साधं ते नरफूल, डांगरवालं मादीफूल. नरफुलातली पिवळी भुकटी, म्हणजे पराग, मादीफुलात पडली तरच डांगर वाढतं. फुलाला पाय नाहीत, मग पराग नेतं कोण?"

"माशी?"

"माशीच. ती येते मधासाठी, पण पराग तिच्या अंगाला चिकटतो आणि पुढच्या फुलात सांडतो."

बाईंनी महाराजांना भर गर्दीत गाठलं. माशी शिरू नये म्हणून त्यांनी दोन मादीकळ्यांना आदल्या संध्याकाळी कागदी पिशव्या बांधल्या होत्या. सकाळी एक पिशवी सोडून बाईंनी कोरं मोरपीस पुढे केलं. "मंत्र हवा तेवढा म्हणा, नरफुलाला मात्र शिवायचं नाही."

महाराजांचं तोंड उतरलं. "विधी मोडतो, बाई!"

"करा की महाराज, तुमाला काय अवघड?" लोकच म्हणाले. महाराज घसा बसेपर्यंत ओरडले.

दुसऱ्या फुलाशी समृद्धी बसली. खुराड्यातलं कोंबडीचं पीस तिने आधी नरफुलात घोळवलं, मग मादीफुलात फिरवलं. मंत्र कोणता? "बे एके बे, बे दुणे चार!" दोन्ही पिशव्या पुन्हा बांधल्या.

अमावास्या आली. पिशव्या सोडल्या. महाराजांचं डांगर पिवळं पडून गळालेलं, पाढ्याचं मुठीएवढं झालेलं! लोकांनी घेरल्यावर महाराज पुटपुटले, "बियाण्याच्या प्लॉटवर कामाला व्हतो. तिथं हातानं पराग लावायला शिकलो."

"मग आमच्यात आधी फळ का धरत नव्हतं?" भागूबाईने विचारलं.

"फुलं सकाळी उमलतात, माश्याही तेव्हाच येतात," बाई म्हणाल्या. "आणि दहाला लाईट जाते म्हणून तुम्ही नेमकं त्याच वेळी मोटर लावून औषध फवारता. माश्या मरतात, नाहीतर फुलांकडे फिरकत नाहीत."

भागूबाई मटकन खाली बसली. "म्हंजी चेटकीण मीच व्हते गं!" नातीला पोटाशी धरून ती रडली. मग उठली आणि रॉकेलचा डबा महाराजांच्या हातात कोंबला. "हे घ्या तुमचं इंधन, अन् सुटा!"

तर बाळांनो, अन् बाळांच्या आईबापांनो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी जरा वाकून बघा. फवारा मारायचाच तर फुलं मिटल्यावर, संध्याकाळी मारा. आणि मंत्रच हवा असेल तर पाढा म्हणा, निदान गणिताच्या पेपरात तरी कामाला येईल!