टाकीचं झाकण

प्रभूने कार्बोरेटरची खालची वाटी काढली, तिच्यातलं पेट्रोल अंगणातल्या मातीवर ओतलं आणि बायकोकडे न बघताच म्हणाला,

"कचरा हाय. मी म्हणलो नव्हतो?"

कचरा काही नव्हता. पेट्रोल निवळशंख होतं आणि मातीत मुरूनही गेलं. पण प्रभूने एकदा कचरा म्हटला की तो असायलाच पाहिजे. हा गडी आयटीआयला थोडे दिवस जाऊन आला होता. कोर्स अर्ध्यात सोडला, तोरा मात्र पुरता घेऊन आला. तेव्हापासून गावातल्या कुठल्याही यंत्रात काय बिघडलंय ते त्याला लांबूनच कळायचं, आणि ते दुरुस्त कसं होणार ते जवळ जाऊनही कळायचं नाही.

राधिका खांद्याला पर्स लावून, साडी चापून नेसून दारात उभी होती. डोंगरकडा गावच्या एका खाजगी शाळेत ती बालवाडीला शिकवायची. शाळा आठची आणि एसटी त्यानंतरची, म्हणून भावाने आपली जुनी स्कुटी तिला दिली होती. दसरा झाला आणि त्या स्कुटीला काय धाड भरली कोण जाणे. घरून शहाण्यासारखी निघायची, कालव्याचा पूल ओलांडला की दोनदा खोकायची आणि मरायची. मग राधिकाने पदर खोचून ढकलायची, आणि शेतावर निघालेल्या माणसांनी बघायची. काल संस्थेचे अध्यक्ष सगळ्यांसमोर तिला म्हणाले होते, म्याडम, आता एकदा जरी घंटा चुकली तर दुसऱ्या बाई बघून ठेवल्यात आम्ही. रात्रभर तिला नीट झोप लागली नव्हती.

"आवरा ना लवकर," ती म्हणाली. "सात वाजून गेले."

"ही काय तुझी बाराखडी हाय? गिरवली की आली?" प्रभूने पितळेचा बारीक जेट उजेडात धरला, एक डोळा मिटला आणि भोकात फुंकर मारली. "जेटमधून पेट्रोल बराबर येईना. पेट्रोल येईना म्हणून गाडी मरती. समजलं?"

"परवा बी जेटच साफ केला."

"परवाचा कचरा येगळा."

"त्याच्या आधी प्लग बदलला. त्याच्या आधी एअर फिल्टर धुतला."

"मग मी काय उगंच करून राहिलो का? तुझ्या भावानं भंगार गळ्यात मारलं, ते मी निस्तरून राहिलो."

ओसरीवर प्रभूची आई, पंचफुलाबाई, शेरडांसाठी आणलेला बोरीचा पाला निवडत बसली होती. नवरा ज्ञानबा गेल्यापासून शेरडं तीच राखायची, कारण प्रभूला शेरडांचा वास सोसत नसे. मटणाचा सोसायचा. ती या दोघांकडे बघत होती.

"माय, तू काय बघून राहिली?" प्रभू तिच्यावर खेकसला. "तुला काय समजतंय यातलं?"

पंचफुलाबाईने मान खाली घातली आणि पाला निवडू लागली.

"एक सांगू का?" राधिका म्हणाली. "काल गाडी बंद पडली तवा पेट्रोल हाय का न्हाई बघाया टाकीचं झाकण उघडलं. सुस्स करून आवाज आला, हवा आत ओढल्यावानी. झाकण लावून बटन दाबलं तर लगीच चालू. पुढं जाऊन पुन्हा मेली. पुन्हा उघडलं, पुन्हा सुस्स."

जेट धरलेला प्रभूचा हात जागीच थांबला. मग तो मोठ्याने हसला.

"ऐकलं का माय? म्याडमनं रोग हुडकला. सुस्स!"

म्याडम हा शब्द तो शिवी दिल्यासारखा उच्चारायचा. त्यालाही कारण होतं. फाट्यावरच्या हॉटेलात सगळा दिवस खुर्ची उबवणाऱ्या या माणसाला पूर्वी लोक प्रभू म्हणायचे, फार तर प्रभ्या म्हणायचे. राधिका स्कुटीवर शाळेत जायला लागली तसे म्हणू लागले, "या, म्याडमचे मालक, बसा!" एकाने तर विचारलं, "काय, म्याडमनं सोडलं का हितवर?" सगळं हॉटेल हसलं. बायकोच्या नोकरीवर घरात तेल-मीठ येतं याची त्याला लाज नव्हती. लाज वाटली ती त्या हसण्याची.

"तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं काहून पाडतो?" राधिका म्हणाली. "एकच पाडलं तर तेल पडत न्हाई. दुसऱ्यातून हवा आत गेली तरच पडतंय. मग टाकीला बी हवेचं भोक असंलच की कुठंतरी."

"डब्याचं बराबर हाय," ओसरीवरून पंचफुलाबाई हळूच म्हणाली.

"झालं! घरात दोन दोन इंजिनियर निघाल्या!" प्रभूने हात झटकले. "एकीनं पोरांचे शेंबूड पुसावे, दुसरीनं लेंड्या गोळा कराव्या, अन् मला कार्बोरेटर शिकवावा. वा रे वा! तेलाचा डबा अन् गाडीची टाकी एकच व्हय?"

राधिका पुढे झाली. पर्समधून चावी काढून तिने शीटचं कुलूप उघडलं, शीट वर उचललं आणि टाकीचं झाकण फिरवून हातात घेतलं. वरून ते स्वच्छ होतं. तिने उलटं केलं. झाकणाच्या पोटात सुईएवढं भोक होतं आणि ते लालभडक कशाने तरी गच्च बुजलेलं होतं. तिने साडीची पिन काढून टोकाने ते कोरलं. लाल ढपली बोटावर आली. ती तिने चुरडली, नाकाशी नेली.

"कुंकू हाय," ती म्हणाली. "तेलात कालवलेलं."

"मग माझ्याकडं काय बघून राहिली?" प्रभू लगोलग म्हणाला. "म्हातारीनं केलं असंल. दसऱ्याला गाडी पुजली ना तिनं. तू माहेरी गेलती. देवाला फास, उंबऱ्याला फास, टाकीला फास, दुसरं येतंय काय हिला? अडाणी ते अडाणी! हिच्यापायी माझे हात काळे झाले रोज. आता कळलं ना कोण तुझ्या नोकरीवर उठलंय ते?"

तो आणखी बरंच बोलला. पंचफुलाबाईने पाला बाजूला सारला, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि ओसरी उतरून लेकासमोर येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिने मागे सारला.

"माझ्या कपाळाकडं बघ रं."

प्रभूने बघितलं. कपाळावर गोंदणाचा हिरवा ठिपका होता. बाकी काही नव्हतं.

"तुझा बाप गेला त्या दिशी पुसलं," पंचफुलाबाई म्हणाली. "तवापासून कुंकवाच्या करंड्याला माझं बोट लागलं न्हाई. दसऱ्याला मी आत बसले व्हते. गाडी तू पुजली, नारळ बी तूच फोडला. सगळ्या गावाला माझं कपाळ दिसतंय, तुलाच तेवढं दिसलं न्हाई व्हय?"

 इतकी वर्षं आईच्या हातची भाकरी खाल्ली, पण या शहाण्याची नजर भाकरीच्या वर कधी गेलीच नव्हती. खोटं रचायला बसला तेही धड जमलं नाही.

"पूजा करताना... लागलं असंल चुकून," तो पुटपुटला.

"शीट उघडल्याबिगर झाकण दिसत न्हाई, अन् चावीबिगर शीट उघडत न्हाई," राधिका म्हणाली. तिने आवाज चढू दिला नाही. "अन् चुकून लागलेलं कुंकू आतल्या भोकात जात न्हाई. जोडा गाडी."

"राधिके, ऐक तर..."

"जोडा म्हणलं."

प्रभू गोणपाटावर बसला. जेट घातला, वाटी लावली, पाईप चढवला, स्क्रू आवळले. कुठेही अडला नाही, कचरा म्हणाला नाही, भावाचं भंगार म्हणाला नाही. राधिकाने पिनेने भोक साफ केलं, त्यातून फुंकून बघितलं, झाकण लावलं. बटन दाबलं, थोडं कुरकुरून स्कुटी सुरू झाली.

शीटवर बसल्यावर तिने नवऱ्यापुढे हात पसरला.

"दुसरी चावी."

"कोणती?"

तिने हात मागे घेतला नाही. प्रभूने पँटच्या खिशातून चावी काढून तिच्या हातावर ठेवली. राधिकाने ती पर्समध्ये टाकली नाही, सासूच्या हातात दिली.

"येते आत्याबाई."

"ये बाई. नीट जाय."

स्कुटी गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी झाली. प्रभू काळ्या हातांनी तसाच उभा होता. मग ते पँटला पुसत म्हणाला,

"माय, आण ती हिकडं. मला लागंल कवा."

"तुला लागायची तवा लागली," पंचफुलाबाई म्हणाली. तिने चावी पदराच्या टोकाला बांधली, गाठ दातांनी आवळली आणि शेरडं सोडायला गेली.